एका गवयाचा शेजार

पॅरिस शहराच्या पूर्वेस, विसाव्या प्रभागातील टेकडीवर, पेर-लाशेझ नावाची जी विस्तीर्ण दफनभूमी आहे, तिच्या सहाव्या विभागात ज्या प्रतिष्ठित फ्रेंच कुटुंबांनी फार पूर्वी रीतसर रक्कम भरून, पावती घेऊन आणि दगडावर आपले आडनाव ठसठशीत अक्षरांत कोरून चिरविश्रांतीची सोय करून ठेवली, त्यांनी ती जागा पसंत करताना झाडांची सावली, उतारावरून जाणारे पावसाचे पाणी, आणि मुख्य म्हणजे शेजारीपाजारी कोण आहेत, या सर्व गोष्टींचा विचार केला असलाच पाहिजे; कारण मध्यमवर्गीय गृहस्थ, मग तो पॅरिसचा असो की गिरगावचा, बिऱ्हाड करण्यापूर्वी शेजाराची चौकशी केल्यावाचून राहत नाही, आणि हे बिऱ्हाड तर पुन्हा हलवावयाचे नव्हते. १९७१ च्या ७ जुलै रोजी आपल्या अंगाला अंग लावून एक अमेरिकन गवई राहावयास येणार आहे, ही गोष्ट मात्र त्यांना कोणत्याही कचेरीने कळविली नव्हती.

जिम मॉरिसन हे त्या गवयाचे नाव. ‘द डोअर्स’ या लॉस एंजेलिसच्या चौकडीचा तो गायक. १९६७ साली या चौकडीचे ‘लाइट माय फायर’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले, १९७१ पर्यंत मॉरिसनच्या आवाजात एकूण सहा स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि १९७१ च्या वसंतात हा मनुष्य गाणे बाजूस ठेवून कविता लिहिण्यासाठी पॅरिसला आला. तेथे त्याला चारेक महिने मिळाले. ३ जुलै रोजी बोत्रेयी रस्त्यावरील सतरा क्रमांकाच्या घरात, स्नानाच्या टबात, तो मृतावस्थेत आढळला, वय २७. डॉक्टरने हृदयक्रिया बंद पडल्याचा दाखला दिला, शवविच्छेदनाची आवश्यकता कोणास वाटली नाही, आणि चार दिवसांनी पाच माणसांच्या उपस्थितीत त्याचे दफन झाले. पाच माणसे म्हणजे आपल्याकडे चौघे खांदा द्यावयास आणि एक मडके धरावयास, इतकाच हिशेब. त्या पाचांत आन्येस वार्दा ही फ्रेंच चित्रपटदिग्दर्शिका होती. धर्मोपदेशक नव्हता, शोकभाषणे नव्हती, आणि वृत्तपत्रांस बातमी कळावयास आणखी दोन दिवस जावे लागले. सहाव्या विभागातील जुन्या रहिवाशांचा त्या दिवशी असा समज झाला असल्यास नवल नाही की, पाहुणा परदेशी असला तरी शांत दिसतो. येणेजाणे फारसे नाही.

येथे या वसाहतीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. नेपोलियनच्या अमदानीत, १८०४ साली, ही दफनभूमी उघडली तेव्हा ती शहराबाहेर होती आणि पॅरिसचा नागरिक मेल्यावरही शहराबाहेर जावयास राजी नव्हता. तेव्हा कारभाऱ्यांनी १८१७ साली मोलिएर आणि ला फोंतेन या दोन थोर साहित्यिकांचे म्हणून जे अवशेष होते ते वाजतगाजत तेथे आणून पुरले. प्रतिष्ठित भाडेकरू आणून बसविला की बाकीच्या खोल्या आपोआप भरतात, हे तत्त्व मुंबईतील चाळमालकांनी स्वतंत्रपणे शोधून काढले असा माझा समज होता, तो यामुळे डळमळीत झाला. युक्ती सफल झाली. पुढे बाल्झाक आला, शोपँ आला, प्रूस्त आला, ऑस्कर वाइल्ड आला, एदित प्याफ आली. आणि आपल्या मुंबईचे जे. आर. डी. टाटा हेही १९९३ साली आपल्या कुटुंबीयांच्या समाधीत तेथेच विसावले. टाटांच्या समाधीपाशी गर्दी नसते. उद्योगपतीच्या दाराशी अर्जदारांची रांग त्याच्या हयातीत असते. गवयाच्या दाराशी ती तो गेल्यानंतर लागते, आणि तिच्यातील एकाही अर्जदाराचे काम होण्यासारखे नसल्यामुळे ती कधी संपत नाही.

त्या शांत पाहुण्याचा खरा परिचय शेजाऱ्यांना होऊ लागला तो दगडांवरील बाणांवरून. मॉरिसनची कबर रस्त्यालगत नाही. ती चार मोठ्या समाध्यांच्या मागे, आडोशाला, एखाद्या परसातल्या खोलीसारखी आहे, आणि ती सहजासहजी सापडत नाही. चाहत्यांना ही अडचण जाणवली. आणि भक्ताला जाणवलेली अडचण दूर करण्यासाठी दुसरा भक्त काय करील याचा नेम नसल्यामुळे, वाटेतील अनेक समाध्यांवर खडूने, रंगाने, प्रसंगी टोकदार वस्तूने, ‘जिम’ ही अक्षरे आणि पुढे एक बाण असे फलक प्रकट झाले. जो नोटरी आयुष्यभर इतरांच्या स्थावराची खरेदीखते बिनचूक लिहून देत आला, त्याच्या स्वतःच्या संगमरवरावर त्याचे नाव झाकून दुसऱ्या कोणाकडे जाण्याचा रस्ता दाखविला जावा, आणि त्याविरुद्ध मनाईहुकूम मागण्याची त्याला सोय असू नये, यासारखी विटंबना क्वचितच कोणाच्या वाट्यास आली असेल. शिवाय ज्यांना गर्दीमुळे जवळ जाता येत नसे ते नोटरीसाहेबांच्या छतावर चढून बसत.

दफनभूमीच्या कारभाऱ्यांची त्रेधा याहून निराळी होती. आरंभी त्या कबरीवर नावनिशाणी काहीच नव्हती. मग सरकारी खर्चाने तेथे एक फलक बसविण्यात आला आणि १९७३ साली तो चोरीस गेला. दफ्तरातील नोंदवहीत तर त्याचे नावच उलट्या क्रमाने, म्हणजे जेम्स डग्लस ऐवजी डग्लस जेम्स असे, चढले होते. त्यामुळे जो चाहता बाणांचा अवलंब न करता सभ्यपणे कचेरीत जाऊन चौकशी करील त्याचीच फसगत होण्याचा संभव अधिक. शासनव्यवस्थेवर विश्वास ठेवणाऱ्या मनुष्याची सर्व देशांत जी गत होते तीच येथेही होई. पुढे लोखंडी कठडे आले, पहारेकरी आले, आणि जवळच्या एका झाडाच्या बुंध्याभोवती बांबूचे तट्टे गुंडाळावे लागले, कारण दर्शनास येणारा प्रत्येक जण तोंडातील च्युइंगम श्रद्धापूर्वक काढून त्या झाडास चिकटवू लागला होता. हा विधी कोणी सुरू केला हे सांगता येत नाही. तथापि एखादी गोष्ट तीन अनोळखी माणसांनी एकामागून एक केली की चौथा तिला परंपरा मानतो, आणि पाचवा ती का करावयाची याचे कारण सांगू लागतो.

मध्यंतरी शेजाऱ्यांना एक आशा उत्पन्न झाली होती. फ्रान्समध्ये कबरीची जागा दहा, तीस वा पन्नास वर्षांच्या कराराने घेता येते, किंवा एकदाच काय ते मोजून कायमची करून घेता येते. आपल्याकडे पेशवाईत जसा उपरी कुळास आज ना उद्या उठविता येई पण मिरासदाराच्या केसास धक्का लावता येत नसे, त्यातलाच हा प्रकार. मॉरिसनचा करार तीस वर्षांचा आहे, २००१ साली तो संपला की त्याला बेदखल करण्यात येईल, अशी वदंता जगभर पसरली. चाहत्यांनी आकांत मांडला. दफनभूमीच्या एका अधिकाऱ्याने तर हा पाहुणा गेला तर बरे होईल, अशा आशयाचे उद्गार वृत्तपत्रांजवळ काढले. आणि सरकारी अधिकारी मनातील गोष्ट जाहीरपणे बोलतो तेव्हा परिस्थिती किती हातघाईवर आली असली पाहिजे याची कल्पना करावी. परंतु कागदपत्र पाहता गवई उपरी नव्हता. तो मिरासदार निघाला. हयातीत हॉटेलांच्या आणि मित्रांच्या खोल्यांतून दिवस काढणाऱ्या या मनुष्याच्या नावावर निर्वेध हक्काची जागा झाली ती अशी.

३ जुलै ही त्याची पुण्यतिथी. १९९१ साली, विसाव्या पुण्यतिथीस, गर्दी फार झाली. त्याच वर्षी ऑलिव्हर स्टोनचा त्याच्यावरील चित्रपट प्रदर्शित झाला असल्याने, त्याची गाणी ऐकलेले आणि त्याचे सोंग घेतलेला नट पाहिलेले असे दोन्ही पंथ एकाच वेळी दारात येऊन ठेपले. प्रवेशद्वार बंद झालेले पाहून जमाव संतापला, एक मोटार पेटवून ती दरवाजावर लोटण्यात आली, आणि पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. त्या दफनभूमीने १८७१ साली पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत प्रत्यक्ष लढाई पाहिली आहे. पण त्या लढाईतील उभय पक्षांस आपण कशासाठी भांडत आहोत हे ठाऊक होते.

एरवीच्या दिवशी मात्र तेथील मंडळी निरुपद्रवी, किंबहुना अत्यंत बोलकी असतात, आणि कठड्याशी घटकाभर उभे राहिले तर त्यांच्यातील जाती ओळखू येऊ लागतात. पहिला मान अर्थातच ज्याने मॉरिसनला प्रत्यक्ष पाहिले त्याचा. पांढऱ्या दाढीचा, वीतभर पोनी बांधलेला, गुडघ्यांच्या तक्रारीमुळे काठी घेऊन आलेला हा वृद्ध कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगू लागतो की, एकाहत्तर सालच्या मे महिन्यात अमुक गल्लीतील मद्यगृहात आपण आणि जिम पहाटेपर्यंत बसलो होतो. अशी माणसे वर्षागणिक कमी व्हावयास हवीत. ती वाढताना दिसतात. त्या सर्वांचे म्हणणे ग्राह्य मानले तर चार महिन्यांच्या वास्तव्यात मॉरिसन एकाच रात्री सात ठिकाणी पीत असला पाहिजे, आणि मग त्याच्या मृत्यूच्या कारणाविषयी पन्नास वर्षे चाललेला वाद निष्कारण ठरतो.

दुसरी जात त्याच्या मृत्यूनंतर, बहुधा पुष्कळच नंतर, जन्मलेल्यांची. यांचे दुःख सर्वांत तीव्र असते. ज्याने गवयाला कधी पाहिले नाही, ज्याच्या आईवडिलांनीही तो बालपणी मोठ्या भावंडांच्या खोलीतील भिंतीवरच पाहिला, असा वीस वर्षांचा मुलगा काळ्या सदऱ्यावर त्याचे उघड्या छातीचे छायाचित्र मिरवीत डोळे पुसतो, तेव्हा शेजारचा काठीवाला वृद्ध त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर मी आपल्याकडे गायकीच्या मैफलीत अनेकदा पाहिली आहे. ‘तुम्ही काय ऐकलंय, आम्ही ऐकलंय,’ हे वाक्य उच्चारण्यासाठी कोणतीही विशिष्ट भाषा यावी लागत नाही.

तिसरी जात संशयवाद्यांची. शवपेटी बंद होती. डोअर्सचा व्यवस्थापक अमेरिकेहून धावत आला तेव्हा त्याला मोहोरबंद पेटी आणि दाखला एवढेच दाखविण्यात आले, आणि त्याने पेटी उघडून पाहिली नाही, ही गोष्ट खरी आहे. तिच्यावरून या पंथाने असा सिद्धांत मांडला आहे की, मॉरिसन मेलाच नाही. तो कीर्तीला कंटाळून कोठे तरी अज्ञातवासात निघून गेला. आता ज्यांच्या मते या कबरीत कोणीच नाही, त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवावी हे तर्काला धरून झाले असते. वस्तुस्थिती अशी की सर्वांत नियमित फुले त्यांचीच येतात.

आणि चौथी जात कवींची. मॉरिसन स्वतःस कवी समजे, त्याने कवितासंग्रह छापले होते, तो पॅरिसला आला तोच कवी म्हणून, यामुळे जगातील यच्चयावत अप्रकाशित कवींना तो आपल्या बाजूचा साक्षीदार वाटतो. ते वहीसह येतात. कठड्याशी उभे राहून, वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून अंगठा दाबून धरून, ते आपली कविता मोठ्याने वाचतात, आणि मग ती चौपदरी घडी करून फुलांत, मेणबत्त्यांत, सिगारेटींत आणि दारूच्या अर्ध्या बाटल्यांत (बाटली पूर्ण भरलेली ठेवावी इतकी भक्ती मी कोणाची पाहिली नाही) टाकून निघून जातात. मॉरिसनबद्दल मला यात सहानुभूती वाटत नाही. त्याने हे ओढवून घेतले आहे. माझा जीव तुटतो तो नोटरीसाहेबांसाठी. त्यांचा कवितेशी संबंध नव्हता.

या सर्व गोंधळाच्या मध्यभागी जो साधा, नीट बसविलेला दगड आहे, तो चाहत्यांपैकी कोणी बसविलेला नाही. तो बसविला आहे मॉरिसनच्या वडिलांनी. जॉर्ज स्टीफन मॉरिसन हे अमेरिकन नौदलातील रिअर अ‍ॅडमिरल. ज्या टॉन्किनच्या आखातातील प्रकरणावरून अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात पुरती उतरली, त्या १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील आरमारी तुकडीचे आधिपत्य याच गृहस्थांकडे होते. आणि त्याच युद्धास विटलेल्या पिढीने त्यांच्या चिरंजीवांना डोक्यावर घेतले. चिरंजीवांनी प्रसिद्धीपत्रकासाठी माहिती देताना आपले आईवडील वारले असल्याचे सांगून टाकले होते. वडील धडधाकट होते. त्यांनी मुलास गाण्याचा नाद सोडून देण्याचा सल्ला दिला होता, हे त्यांनी १९७० साली फ्लोरिडाच्या पॅरोल खात्यास मुलाच्या बाजूने पाठविलेल्या पत्रात स्वतःच नमूद केले आहे. खलाशी शिस्तीचा बाप मुलाच्या बचावाचा कागद लिहितानाही मूळ मुद्दा सोडीत नाही. आणि तोच बाप मुलगा जाऊन वीसएक वर्षे झाल्यावर, १९९० नंतरच्या वर्षांत, एक सपाट दगड घडवून घेतो, त्यावर नाव योग्य क्रमाने घालतो, खाली प्राचीन ग्रीक भाषेतील एक ओळ कोरवितो, आणि कोणताही समारंभ न करता बाजूस होतो. भक्तमंडळीपैकी बहुतेकांना ग्रीक येत नाही. यामुळे त्या ओळीच्या अर्थाविषयी मतभेद नाहीत असे मात्र कोणी समजू नये. माझ्या मते त्या टेकडीवर मॉरिसनची आठवण जर कोणी नीट ठेवली असेल तर ती त्याचे गाणे न आवडलेल्या या एकट्या मनुष्याने.

फ्लोरिडाच्या त्या प्रकरणाची कथा थोडक्यात सांगतो. १ मार्च १९६९ रोजी मायामी येथील कार्यक्रमात मॉरिसनने असभ्य भाषा वापरली आणि अंगप्रदर्शन केले, असा आरोप होऊन मोकदमा चालला, सहा महिने कैद आणि पाचशे डॉलर दंड अशी शिक्षा झाली, अपील दाखल झाले, आणि अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच आरोपी निवर्तला. पुढे ९ डिसेंबर २०१० रोजी, गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांच्या पुढाकाराने, त्या राज्याच्या क्षमादान मंडळाने त्याला एकमताने माफी दिली. चौकडीतील हयात सहकाऱ्यांनी यावर असे म्हटले की, माफी देऊ नका, मागा. मला त्या तारखेचे कौतुक वाटते, कारण १९६७ च्या ९ डिसेंबरलाच न्यू हेवन येथे पोलिसांनी त्याला भर रंगमंचावरून पकडून नेले होते. सरकारी खात्यांना योगायोगाची जाण असते असे नाही, पण तारखा मोजक्याच असल्यामुळे कधी तरी असे होतेच.

राहिला पुतळ्याचा प्रश्न. १९८१ साली, दहाव्या पुण्यतिथीस, म्लादेन मिकुलिन या क्रोएशियन शिल्पकाराने स्वतः घडविलेला मॉरिसनचा अर्धपुतळा त्या कबरीवर बसविला. चाहत्यांनी त्यावर लिहिण्यास तत्काळ सुरुवात केली. त्याला रंग फासण्यात आले, त्याच्या कपाळावर, गालांवर, मानेवर नावे, गावे आणि तारखा चढल्या, आणि १९८८ साली सव्वाशे किलोंहून जड असा तो दगड एके दिवशी नाहीसाच झाला. चोरट्यांनी तो रात्री एका मोपेडवरून नेला अशी आख्यायिका आहे. ज्याने मोपेडवरून गव्हाचे पोते आणि पत्नी एकाच खेपेत नेली आहे त्याला ती अशक्य वाटणार नाही. सदतीस वर्षे त्याचा मागमूस नव्हता. मग २०२५ च्या मे महिन्यात पॅरिसच्या पोलिसांनी आर्थिक गैरव्यवहाराच्या एका भलत्याच प्रकरणाच्या तपासात झडती घेतली तेव्हा हिशेबाच्या कागदांची अपेक्षा असलेल्या ठिकाणी त्यांना जिम मॉरिसन सापडला. तो पुनश्च पोलिसांच्या ताब्यात गेला. मुद्देमाल म्हणून त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत अंगावरचे लेखन जसेच्या तसे शाबूत दिसते. पुतळा परत कबरीवर बसवावयाचा की नाही, हा प्रश्न यथावकाश एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल. पण त्याआधी तो धुवावयाचा की नाही, याचा निर्णय कोणाला तरी करावा लागणार आहे. कारण १९८६ साली ज्याने त्या गालावर कुंपण चुकवून, पहारा चुकवून आपले नाव लिहिले, तो आता निवृत्तिवेतन घेत असेल, कोठल्याशा लहान गावी नातवंडांना शाळेत पोहोचवीत असेल, आणि वृत्तपत्रातील त्या छायाचित्रावर भिंग धरून डाव्या कानाखालची तिसरी ओळ आपलीच आहे काय, हे पाहत बसला असेल.